वाटाड्या, एक

ते युद्ध कधी झालंच नव्हतं. वरचा काठ आणि खालचा काठ अशी दोन राष्ट्रं, मधे एक रुंद नदी, नदीवर धरण आणि तीन पूल, आणि त्या पुलांपायी सहा महिने पेटलेली लढाई. सगळं कुणाच्या तरी डोक्यातून निघून एका जाडजूड नियमपुस्तकात येऊन बसलेलं. पण न झालेल्या युद्धालासुद्धा याद्या चोख लागतात, हे तिला त्या वर्षी कळलं.

हे काम तिच्या गळ्यात दादानं घातलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दर रविवारी दुपारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात चार टेबलं जोडून तो आणि त्याचे दोस्त हा खेळ मांडायचे. बोटाएवढे प्लॅस्टिकचे शिपाई, काड्यापेटीएवढे रणगाडे, मूठभर फासे, अंतर मोजायला टेप. खेळाआधी प्रत्येकानं आपल्या सैन्याची यादी करायची. रणगाड्याला दोनशे दहा गुण, चिलखती गाडीला पंच्याऐंशी, पायदळाच्या पथकाला साठ, टेहळणीच्या ड्रोनला पस्तीस. सगळं मिळून पंधराशेच्या वर जायचं नाही. आणि सेनापती हवाच. सेनापती म्हणजे खेळणारा स्वतः. तो नसेल तर यादी बाद.

"तुला बेरजा येतात आणि तुला डोक्याला काहीतरी हवंय," दादा म्हणाला होता. "माझ्याकडे सतरा याद्या तपासायच्या पडल्यात. घे."

डोक्याला काहीतरी का हवं होतं, ते दोघांनाही माहीत होतं. भिंगरी. चार वर्षांची तिची मुलगी. तान्ही असताना हातपाय इतके फिरायचे की आजोबा भिंगरी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. मग कळलं की तिच्या हृदयात भोक आहे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावली की ओठ जांभळे पडायचे. मग ती आपणहून उकिडवी बसायची, एखाद्या समजूतदार म्हातारीसारखी, दम परत येईपर्यंत. ऑपरेशनची तारीख पाच आठवड्यांवर होती.

सर्जनबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. हृदय थांबवायचं, तेवढा वेळ त्याचं काम मशीननं करायचं, भोक बुजवायचं आणि हृदय पुन्हा चालू करायचं. तिनं विचारलं, आणि नाही झालं चालू तर? "होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्या एका शब्दाला तिनं घरी आणून इतकं चघळलं की त्यात काही उरलं नाही.

तर याद्या. दुसऱ्यांच्या तपासता तपासता ती स्वतःची करायला लागली. तिच्या याद्या म्हणजे भिंगरीला बाहेर नेताना भरायच्या पिशवीसारख्या. थर्मामीटर, जादा कपडे, छोटा ऑक्सिजन, औषधांच्या दोन-दोन बाटल्या. त्याच चालीवर तिच्या सैन्यात वैद्यकीय पथक, स्ट्रेचर उचलणारे, वेगळी पाण्याची गाडी. दादा हसून लोळला. "मुंगे," तो तिला लहानपणापासून मुंगीच म्हणायचा, "तुझं सैन्य लढायला निघालंय की बाळंतपणाला?"

त्याहून त्याला खटकायची दुसरीच गोष्ट. बाकीचे शेवटच्या गुणापर्यंत यादी ठासून भरायचे. ही चाळीस गुण तसेच ठेवायची, न वापरता. त्या खेळात याहून मोठा अडाणीपणा नाही.

"लागले तर?" ती म्हणायची.

"लढाई सुरू झाल्यावर कुणी वाण्याकडे पळत नाही गं."

पण ठेवायची. एवढी कशी घट्ट भरायची यादी, की श्वास घ्यायला जागा नाही?

त्या मंडळींचा एक नियम होता. आपली यादी आपण वाचायची नाही. दुसऱ्यानं ती मोठ्यानं वाचली की लागू. आपल्याच चुकीवरून आपले डोळे घसरतात, म्हणून. वाचायचं काम पंचांचं. पंच म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. टेबलावरचं अंतर ते अर्ध्या सेंटीमीटरसाठी तीनदा मोजायचे.

तिच्या पहिल्या खेळाच्या दिवशी काकांनी तिचा चौकटींचा कागद हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. रणगाडे, गाड्या, पायदळ. वैद्यकीय पथकाशी वर्गात खसखस पिकली. मग काका त्याच सुरात पुढे म्हणाले, "वाटाड्या, एक. नदीपार. चाळीस गुण. एकूण पंधराशे."

ती म्हणाली, असं काही मी लिहिलेलं नाही.

काकांनी कागद तिच्यासमोर धरला. शेवटच्या ओळीत, निळ्या शाईत, लिहिलेलं होतं. अक्षर तिचंच. तिचा 'ळ' शाळेपासून उजवीकडे कलतो. 'चाळीस'मधला तसाच कलला होता.

दादाला वाटलं, थकली आहे बिचारी, लिहून विसरली. तिलाही तेच वाटून घेणं सोयीचं होतं. काकांनी नियमपुस्तक पहिल्या पानापासून चाळलं. वाटाड्या नावाचा प्रकार कुठेच नव्हता. पण वाचलं ते मैदानात, हा नियम त्यांनीच केलेला. त्यांनी डब्यातून एक बिनबंदुकीचा, टोपीवाला, जुना बाहुला शोधला आणि तिच्या बाजूला ठेवून दिला.

चौथ्या फेरीत तिचं एक पथक पुलापासून तुटलं. मागे शत्रू, पुढे नदी. त्या जागी नदीला उतार नव्हता. निळा रंग तिथे सगळ्यात गडद होता. फासे पडले, एकामागून एक सहा, आणि काकांना मान्य करावं लागलं की पथक पार गेलं. आठही शिपाई. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. फासे कधी कधी असे पडतात. टोपीवाला बाहुलाही पलीकडच्या काठावर त्यांच्यापुढे उभा होता. तिला वाटलं, दादानं सरकवला. दादाला वाटलं, तिनं.

आवरताना सगळे डब्यात मोजून भरले. तो मिळाला नाही.

ती शिकलेली बाई होती, रसायनशास्त्र घेऊन. एकदा घडलं तर घडलं. पुन्हा घडतं का ते बघायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं घरी नवी यादी केली, एकही गुण न ठेवता, आणि सकाळी नवऱ्याच्या हातात दिली. तो चहा पिता पिता बातम्यांच्या थाटात वाचायचा. काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पाच गुण ठेवले. कागद तिनं दोनदा बघितला, फोनवर फोटो काढला, मग दिला.

"वाटाड्या, एक," नवरा वाचता वाचता थांबला. "नदीपर्यंत. पाच गुण. हे काय, सहल आहे का?"

फोटोत ती ओळ नव्हती. कागदावर होती.

चाळीस ठेवले की 'नदीपार'. पंचवीसला 'नदीपर्यंत'च. शंभरलाही 'नदीपार'. मग एक दिवस तिनं दोन रणगाडे काढून टाकले आणि तीनशे ठेवले. नवऱ्यानं वाचलं: "वाटाड्या, एक. नदीपार आणि परत."

ती बराच वेळ बेसिनपाशी उभी राहिली, नळ चालू ठेवून. तिला भीती वाटली का? वाटली. पण तिच्या नेहमीच्या भीतीपेक्षा ही वेगळी होती. नेहमीची भीती चहूबाजूंनी यायची. या भीतीला एक दिशा होती.

नवऱ्याला ती काही बोलली नाही. तो हिशेबी माणूस, काळजीनं बायकोचं डोकं फिरलंय असं म्हणाला नसता. पण त्यानं तिच्यावर नजर ठेवली असती, आणि घरात नजर ठेवणारं एक माणूस पुरे होतं.

ऑपरेशन मंगळवारी होतं. भिंगरीला सकाळी आठला आत नेलं. हिरव्या टोपीत तिचं तोंड लिंबाएवढं दिसत होतं. जाताना तिनं विचारलं की टोपी घरी न्यायची का. आई म्हणाली, नेऊ या की.

थांबायच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या; एक हलली की सगळी रांग हलायची. कोपऱ्यात पाण्याचं मशीन दर थोड्या वेळानं पोट बिघडल्यासारखं गुरगुरायचं. दादा आला होता. तिच्या मांडीवर रिपोर्टची फाइल, आणि फाइलमध्ये सगळ्यात मागे चौकटींचा कागद. तीनशे गुण शिल्लक असलेली यादी. तो सवयीनं राहिलाय, असं ती स्वतःला सांगत होती, आणि स्वतःला ते पटत नव्हतं.

अकरा चाळीसला एक तरुण डॉक्टर बाहेर आले. मास्क हनुवटीवर ओढलेला. भोक नीट बुजलंय, ते म्हणाले. मशीनवरून काढायला घेतलंय, पण हृदय अजून पकड घेत नाहीये. त्यांनी नवऱ्याला रक्तपेढीतून आणखी एक पिशवी आणायला पाठवलं. जाता जाता म्हणाले, प्रयत्न चालू आहेत.

दार मिटलं.

तिनं फाइल उघडली, कागद काढला आणि दादाच्या हातात दिला.

"हे आत्ता?" दादा म्हणाला.

"वाच. मोठ्यानं."

तिच्या तोंडाकडे बघून तो वाचायला लागला. दोन रणगाडे. चार चिलखती गाड्या. चार पायदळ पथकं. दोन ड्रोन. एक वैद्यकीय पथक. सेनापती. मग त्याचा आवाज उतरला.

"वाटाड्या, एक. नदीपार. सोबत एक."

"पुढे?"

"एवढंच आहे."

तीनशेला परत येत होता. एकटा असताना.

तिनं कागद ओढून घेतला, पेन काढलं आणि रणगाड्यांवर रेघ मारली. शिल्लक सातशेवीस. परत दिला.

"सोबत एक. नदीपार," दादानं वाचलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. दोघांच्या मधे धरलेल्या कागदावर कुणाचाही हात गेला नव्हता आणि गुणांचा आकडा बदलला होता.

चिलखती गाड्या. एक हजार साठ.

"नदीपार."

पायदळ. तेराशे.

"नदीपार, मुंगे."

ड्रोन गेले. वैद्यकीय पथकावर तिचं पेन थबकलं. तिनं तेही काढलं. चौदाशेवीस.

"नदीपार."

आता कागदावर एकच ओळ उरली होती. सेनापती, एक, ऐंशी गुण.

"तो नाही काढता येत," दादा हलक्या आवाजात म्हणाला. "तो म्हणजे तू. यादीच बाद होते."

पाण्याचं मशीन गुरगुरलं. खुर्च्यांची रांग थरथरत होती. तिचा पाय थरथरत होता म्हणून.

चार वर्षं तिनं त्या पोरीचा प्रत्येक श्वास मोजला होता. रात्री ती निजली की नाकापाशी बोट धरून बसायची. आता आत जे चाललं होतं, तिथे तिचं बोट पोचत नव्हतं. कुठलीच पिशवी पोचत नव्हती.

तिनं रेघ मारली.

"वाच."

दादानं कागद गुडघ्यावर पालथा घातला.

"दादा, वाच."

"वाटाड्या, एक," दादा म्हणाला. "सोबत एक. नदीपार," आणि श्वास घेऊन, "आणि परत."

तिचा पाय थांबला.

दाराच्या काचेतून कुणीतरी घाईनं जाताना दिसलं. मग कुणी नाही. मग नवरा पिशवी देऊन परत आला आणि तिच्या शेजारी बसला. बारा वाजून वीस मिनिटांनी सर्जनबाई स्वतः बाहेर आल्या. केस घामानं चिकटलेले. म्हणाल्या, घेतली पकड. आपलं आपण. आम्ही पुढचं औषध भरतच होतो, तेवढ्यात.

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चाळिशीचा माणूस, खांदे हलत होते.

कागद पुन्हा बघायचं भान तिला संध्याकाळी आलं. रेघा मारलेल्या सगळ्या ओळी जागच्या जागी होत्या. खालची जागा कोरी होती.

पुढे दादानं, कुणाला न सांगता, स्वतः एक यादी करून पाहिली. चाळीस ठेवले, काकांकडून वाचून घेतली. मग शंभर. मग तीनशे. तिला भेटायला आला तेव्हा चोरी पकडल्यासारखा म्हणाला, "काही आलं नाही गं."

"नसेल येत आता," ती म्हणाली. तिला त्या टोपीवाल्याबद्दल वाईट वाटलं, आणि कशाबद्दल वाईट वाटतंय ते नीट सांगता आलं नाही.

आठव्या दिवशी भिंगरीला साध्या वॉर्डात आणलं. खिडकीजवळची खाट. ओठ गुलाबी. आई तासन्‌तास त्या ओठांकडेच बघायची. हा रंग तिच्या लेकीचा आहे, हे तिला रोज नव्यानं पटवून घ्यावं लागे. भिंगरी खायला मागायची, नर्सला कोडी घालायची, उत्तर आलं नाही की तिची कीव करायची.

शेजारच्या खाटेवर दोन वेण्यांची एक मुलगी आली. सहाएक वर्षांची, तिचंही तेच दुखणं. तिची आई घरी शिवणकाम करायची. तिच्या बोटांवर सुईच्या खुणा होत्या. पहिल्याच संध्याकाळी तिनं हळूच विचारलं, "ते चार तास कसे काढलेत हो तुम्ही?" भिंगरीच्या आईनं त्या बाईचा हात धरला.

दोन वेण्यांची मुलगी रडत होती. मास्क नको, आत नको. भिंगरी कठड्याला टेकून तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "पाणी गार असतं, पण माझ्या गुडघ्यापर्यंतच. तुझ्या तर त्याच्याही खाली."

मुलगी रडायची थांबली. "कुठलं पाणी?"

"असतं. तू माझा हात सोडू नकोस. मला वाट माहितीये."

आईच्या हातातलं सफरचंद अर्धं सोललेलं होतं. ते तिनं तसंच ताटलीत ठेवलं. सकाळी याद्या वाचल्या जायच्या तेव्हा भिंगरी झोपलेली असायची; घरात तिच्यासमोर नदीचा विषय कधी निघाला नव्हता. याद्यांचे कागद तिच्या हाती कधी लागले नव्हते, आणि लागले असते तरी तिला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या मुलीला नेलं. दहा वाजता भिंगरी दूध प्यायली, कुशीवर वळली आणि झोपली. ही पोर दिवसा झोपायची नाही. औषधाची गुंगीही आता नव्हती. आईनं नाकापाशी बोट धरलं. श्वास होता, संथ, खोल, लांबून येतोय तसा. नर्सनं येऊन नाडी बघितली, छान म्हणाली, झोपू द्या. आई बसून राहिली. साडेदहा. अकरा. साडेअकरा. तिनं भिंगरीला उठवलं नाही. दोनदा हात पुढे गेला, दोन्हीदा मागे घेतला.

बाराला पाच कमी असताना भिंगरीनं डोळे उघडले.

"आली ती," ती म्हणाली, आणि बिस्कीट मागितलं.

दहा मिनिटांनी शिवणकामवाली आई वॉर्डाच्या दारातून जवळजवळ धावत आली. हसत होती, रडत होती, बोलता येत नव्हतं, नुसती मान हलवत होती: झालं, सगळं नीट झालं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पलीकडच्या खाटांवरच्या आयाही उठून आल्या. कुणीतरी कुणाला तरी पाणी दिलं. खिडकीतून ऊन थेट भिंगरीच्या पांघरुणावर पडलं होतं आणि ती दोन्ही हातांत बिस्कीट धरून खारीसारखी कुरतडत होती.

गडबड ओसरली तेव्हा आई पांघरूण नीट करायला वाकली आणि भिंगरीच्या पायाला तिचा हात लागला. पाय गार होते. तिनं पांघरूण दुमडलं. गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय ओले होते, आणि बोटांच्या बेचक्यांत बारीक करडी वाळू होती.

तिनं इकडेतिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. टॉवेलच्या टोकानं तिनं एकेक बोट पुसलं, वाळू मुठीत घेतली. मग पिशवीतून लोकरीचे जाड मोजे काढले आणि एकावर एक, दोन-दोन, लेकीच्या पायांत चढवले.